थंड हवा कुणाची?

अंतरवाली सराटीच्या माणसाला थंड हवेच्या ठिकाणाशी काय देणंघेणं? अंबड तालुक्यातली आमची रानं सपाट, काळी. उन्हाळ्यात लिंबाची सावली हेच आमचं महाबळेश्वर. तरीही चिखलदऱ्याची गोष्ट आमच्याच जिल्ह्यातून सुरू होते.

२३ सप्टेंबर १८०३ ला असईजवळ, केळना आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. इंग्रजांकडचेच दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. मग नोव्हेंबरात अडगावची लढाई, आणि १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता गेला.

त्याच गडाशेजारच्या पठारावर १८२३ साली हैदराबाद फौजेचा कॅप्टन रॉबिन्सन पोचला. त्यानं चिखलदरा ‘शोधला’ असं छापलेलं असतं. मेळघाटात कोरकू माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतच होती. पण साहेबानं पाहिलं की शोध लागतो! पुढं तिथं तापानं खंगलेले, उन्हानं पोळलेले अंमलदार विसाव्याला जाऊ लागले. खाली परतवाड्याला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, तशीच आमच्या जालन्यालाही. या फौजेच्या खर्चापायीच निजामानं १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. म्हणजे वर साहेबाला गार वारं लागायचं, आणि त्याच्या फौजेचा पगार खाली उन्हात राबणाऱ्या कुणब्याच्या शेतसाऱ्यातून निघायचा.

आता शक्कर तलावात नावा चालतात. पोरं घोड्यावर बसतात, बाया फोटो काढतात. जिथं एवढं रक्त सांडलं, तिथं मौज करावी का, असं कुणी विचारतं. मला त्यात वावगं दिसत नाही. असईचा शेतकरी त्याच रणात नांगर धरतो. त्याला कुणी पापी म्हणत नाही. रान मेलेल्यांच्या नावानं पडीक ठेवलं तर जित्यांनी खायचं काय? आणि चिखलदऱ्याला तर कीचकाला भीमानं तिथल्या दरीत फेकल्याची कथा आधीपासूनच चिकटलेली. मारामारीच्या जागी पोरांचं हसू ऐकू यावं, हा जागेचा उद्धारच म्हणायचा.

माझा प्रश्न निराळा आहे. विसावा हा कुणाचा हक्क?

आमची आजी म्हणायची, “हवा खायाला जायचं? घरची भाकर काय कमी पडली का?” आम्ही हसायचो. पण त्या हसण्यात एक गोष्ट निसटायची. जन्मभरात ती शेताबाहेर पडली ती माहेराला आणि पैठणच्या षष्ठीला. तिथून आली की पाठीमागं साठलेलं काम तिचीच वाट बघत असायचं. साहेबाचा थकवा हा आजार समजला गेला, म्हणून त्यासाठी डोंगरावर बंगले झाले. आजीचा थकवा हा बाईचा स्वभाव समजला गेला. त्याला ना औषध, ना रजा.

म्हणून एसटीनं चिखलदऱ्याला उतरणारी साधी माणसं पाहिली की मला बरं वाटतं. एकेकाळी साहेबांसाठी असलेलं गार वारं आता तिकिटाच्या पैशात मिळतं. हा काही लहान न्याय नव्हे.

पण तो पुरा झालेला नाही. ज्या मेळघाटात आपण मन रमवायला जातो, तो कोरकूंच्या लेकरांच्या कुपोषणानं बातम्यांत आला. आपला विसावा आणि त्यांची उपासमार एकाच डोंगरावर नांदते. उद्या आपण जायचंच नाही ठरवलं, तर तिथल्या माणसाचा रोजगार तेवढा बुडेल. त्याचं पोट काही भरणार नाही. जावं जरूर. मात्र कणीस भाजणाऱ्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये. सामान उचलणाऱ्याला नाव विचारावं, ठरलेले पैसे हातावर पूर्ण ठेवावेत. आणि निघताना घरातलं जे माणूस कधीच कुठं गेलं नाही, त्याला आधी गाडीत बसवावं. ते नको म्हणेल. आयुष्यभर त्यानं तेच म्हटलेलं असतं. आपण तेवढ्यावर सोडून देऊ नये.