वाचायला फुकट, वापरायला परवाना

खेळणी सुरक्षित असावीत, असे युरोपीय संघाचा निर्देश बजावतो. पण ती तपासायची कशी, याचा बराचसा तपशील खाजगी मानकसंस्था लिहितात आणि त्याच्या प्रती विकतात. त्या मानकांनुसार माल बनवला की कायदा पाळला असे गृहीत धरले जाते. म्हणजे कायद्याचा एक भाग राजपत्रात आणि उरलेला दुकानात. ५ मार्च २०२४ रोजी संघाच्या न्यायालयाने अशी मानके कायद्याचाच भाग असल्याचे सांगितले आणि मुख्यतः खेळण्यांविषयीची चार मानके दाखवण्यास युरोपीय आयोगाने दिलेला नकार रद्द केला. त्याआधी सप्टेंबर २०२३मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने, अमेरिकी कायद्यात सामावलेली मानके नफ्याविना लोकांसाठी खुली करणे हा न्याय्य वापर ठरवला. दोन्ही खटल्यांत कार्ल मालामूद यांची पब्लिक रिसोर्स ही संस्था होती. निकाल स्वागतार्हच, पण त्यांचा आवाका जपून मोजावा. मानकावर कॉपीराइट असूच शकत नाही, असे यातले एकही न्यायालय म्हणालेले नाही.

मानकसंस्थांचा आक्षेप खर्चाचा असतो. समित्या बसवायच्या, मसुदे फिरवायचे, जुनी मानके सुधारायची. प्रती विकल्या नाहीत तर हे करणार कोण? प्रश्न खोटा नाही. पण समितीवरच्या तज्ज्ञांच्या वेळेचा खर्च बहुतेकदा त्यांच्या कंपन्या आणि विद्यापीठेच सोसतात, आणि कंपन्या सोसतात ते मानक आपल्या सोयीचे व्हावे म्हणूनही. वॉशिंग्टनच्या खटल्यात मानके वर्षानुवर्षे खुली राहूनही विक्री बुडाल्याचा ठोस पुरावा पुढे आला नाही. आज कुठल्याही फोनवर मराठी मजकूर उमटतो तो युनिकोड या मानकामुळे. त्यातली देवनागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीवर बेतलेली आहे. युनिकोड कुणालाही विनामूल्य मिळते आणि संस्थेचा खर्च मुख्यतः सदस्यांच्या वर्गणीतून निघतो. विक्रीवाचून मानक जगत नाही, हे म्हणणे इथे तरी टिकत नाही.

वाचायला मिळणे ही मात्र सोपी बाजू झाली. व्हिडिओचा आकार कमी करणारे एच.२६४ हे मानक घ्या. त्याचा मजकूर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडून फुकट डाउनलोड करता येतो. त्यातल्या पद्धतींवर मात्र अनेक कंपन्यांनी पेटंटे घेतली. २०१३मध्ये सिस्को कंपनीने हे मानक वापरणाऱ्या ओपनएच२६४ या आपल्या प्रोग्रामचा सोर्स कोड बीएसडी या सैल परवान्याखाली खुला करायचे जाहीर केले आणि पेटंटाची रॉयल्टी आपण भरू असे सांगितले. पण ती सिस्कोने स्वतः तयार करून वाटलेल्या प्रोग्रामपुरती. तोच कोड तुम्ही आपल्या संगणकावर कम्पाइल करून वाटलात की ते छत्र गेले. कॉपीराइटचा परवाना पूर्ण मोकळा, तरी हात बांधलेले! जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या १९९१च्या दुसऱ्या आवृत्तीने हा पेच आधीच ओळखला होता. पेटंटाच्या अटीमुळे पुढच्या प्रत्येकाला रॉयल्टीशिवाय वाटण्याची मोकळीक देता येत नसेल, तर प्रोग्राम मुळीच वाटू नये, असे तिचे सातवे कलम सांगते. कलम हट्टी आहे खरे. पण मानक खरोखर खुले आहे की नाही, याची याहून चोख कसोटी मला दिसत नाही.

पेटंटधारक म्हणतात, आम्ही रास्त आणि भेदभावरहित दराने परवाना देतो. नगामागे ठरावीक रक्कम फोनच्या कारखान्याला रास्त वाटेलही. आपल्या प्रोग्रामच्या प्रती किती झाल्या हेच ज्याला मोजता येत नाही, त्या स्वयंसेवकाने ती कशी भरावी? संशोधकाला मोबदला मिळू नये, असे यातून निघत नाही. खाजगी बाजारात त्याने हवा तो दर लावावा. सरकारने मानक सक्तीचे केले की त्याला गिऱ्हाईक कायद्याने बांधून मिळते, आक्षेप त्याला आहे. भारताच्या ई-प्रशासनासाठीच्या २०१०च्या मुक्त मानक धोरणाने इथे क्रम बरोबर लावला: दस्तऐवजाला नाममात्र शुल्क चालेल, पण अंमलबजावणीला लागणारी पेटंटे मानक असेतोवर रॉयल्टीमुक्त हवीत. तसे मानक न सापडल्यास अटी शिथिल करण्याची वाटही त्याच धोरणात आहे. त्या वाटेने जाणाऱ्या खात्याला, पेटंट कुणाचे आणि दर किती, हे निविदेतच छापण्याची सक्ती असावी.