काकांनी पाहिलेला पक्षी



गेल्या रविवारी मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध काका मला भेटायला थांबले. म्हणाले, "फादर, काल दुपारी वाडीत होतो. तुंगारेश्वरच्या बाजूने एक भला मोठा पक्षी आला. मला वाटतं, गिधाड होतं."

मी म्हणालो, "काका, घार असेल."

"घारीच्या शेपटीला खाच असते, फादर. याची शेपटी आखूड होती. पंख न हलवता त्याने तीन घिरट्या घातल्या. पण माझी नजर आता पहिल्यासारखी नाही. शपथेवर सांगणार नाही. दिसलं तेवढं सांगितलं."

घरी नातवंडे हसली म्हणे. मला मात्र योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांध माणूस आठवला. परुशी त्याला खोदून खोदून विचारत होते, पण तो ठाऊक होते तेवढेच बोलला. खरी साक्ष अशीच असते.

काकांच्या लहानपणी कुणाचे ढोर मेले की गावाबाहेर गिधाडांची पंगत बसे. पंख पसरले की सुमारे २ मीटर भरणारा हा पक्षी बघता बघता सांगाडा तेवढा शिल्लक ठेवी. गावात दुर्गंधी नाही, रोगराई नाही. आपण त्याला काय दिले? शिव्या! दुसऱ्याच्या दुःखावर टपून बसणाऱ्याला आपण आजही 'गिधाड' म्हणतो.

मग ती दिसेनाशी झाली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात जेमतेम एक उरले. कारण २००४ साली उजेडात आले. दुखण्याने बेजार झालेल्या गुरांना 'डायक्लोफेनॅक' हे वेदनाशामक औषध दिले जाई. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत ते जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. पंधरा वर्षांत गमावलेले भरून यायला कित्येक पिढ्या लागतील.

बंधू-भगिनींनो, इंजेक्शन देणारा शेतकरी दुष्ट नव्हता. त्याला मुक्या जनावराची दया आली होती. तरीही आभाळ रिकामे झाले. चांगल्या हेतूनेही आपल्या हातून हानी होऊ शकते. म्हणून 'माझा हेतू चांगला होता' एवढ्यावर आपले विवेक-परीक्षण संपू नये. माझ्या कृतीने कुणाचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. शिवाय, एवढा मोठा पक्षी नाहीसा झाला तरी आपल्यापैकी किती जणांच्या ते लक्षात आले?

निर्गमच्या पुस्तकात परमेश्वर म्हणतो की, मी तुम्हांला गरुडाच्या पंखांवर वाहून आणले. तिथे मूळ हिब्रू शब्द 'नेशेर' असा आहे. हाच शब्द वापरून मीखा संदेष्टा शोक करणाऱ्यांना नेशेरासारखे टक्कल करायला सांगतो. गरुडाला टक्कल नसते, गिधाडाला असते! म्हणूनच नेशेर म्हणजे गिधाड असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. ज्याचे नाव आपण शिवी म्हणून वापरतो, त्याच्याच पंखांची उपमा देवाने आपल्या मायेला दिली. घरात, गावात घाणीचे काम निमूटपणे करणाऱ्या माणसांकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो?

रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या लोकांनी गिधाडांची घरटी जपली आहेत. आपणही थोडे करू शकतो. गुरे असतील त्यांनी डॉक्टरांकडे गिधाडांना अपाय न करणारे 'मेलॉक्झिकॅम' मागावे. बंदी घातलेली औषधे वापरू नयेत. २०२३ साली 'किटोप्रोफेन' आणि 'अॅसिक्लोफेनॅक' यांवरही जनावरांसाठी बंदी आली आहे. असा पक्षी दिसला तर गोंगाट न करता वनखात्याला कळवावे.

काकांनी पाहिले ते गिधाडच होते का? मी सांगू शकत नाही. पण त्या दिवसापासून मीही वर पाहत चालतो. काका तर रोज दुपारी वाडीत खुर्ची टाकून बसतात. आता नातवंडेही शेजारी बसू लागली आहेत.

प्रभू, तू निर्माण केलेले हरवण्याआधी ते पाहणारी नजर आम्हांला दे. आमेन.