धरमतरची खाडी विसरलास?

उभा राहा. फोन खिशात ठेव आणि वर बघ.

भाऊ गाडी घेऊन उलव्याला ताटकळत उभा आणि आईबाबा उतरले सहारला! नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला, तेव्हा ही बातमी मला फोन करून तूच दिली होतीस ना? मग तिकीट काढताना फक्त भाडं बघितलंस आणि कुठल्या विमानतळावर उतरणार तेवढं वाचायचा कंटाळा केलास. अक्कल गहाण ठेवली होतीस का?

बरं, चूक झाली. पण पुढे काय केलंस? भर संध्याकाळी सांगितलंस, "टॅक्सीने गेटवेला जा." अरे, टर्मिनल दोनजवळ मेट्रो ३ चं स्टेशन आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ती गाडी थेट कफ परेडपर्यंत जाते. तासाच्या आत हुतात्मा चौक, तिथून गेटवे हाकेच्या अंतरावर. बोट मिळाली असती, मांडव्याला उतरून रात्रीच्या जेवणाला दोघं किहीमला घरी असती. त्याऐवजी टॅक्सी रखडली, शेवटची मांडवा बोट सुटली, आणि गुडघे धरलेली तुझी आई धक्क्यावर बॅगेवर बसून राहिली. भाऊ अटल सेतूवरून गेटवेला आला आणि त्याच सेतूवरून त्यांना घेऊन माघारी फिरला. पुढे पेण, वडखळ. वडखळला गाड्यांची रांग. मध्यरात्र उलटून गेल्यावर ती माणसं घरी टेकली.

त्यातही तू आईला काय सांगितलंस? "आता सेतू झालाय, लगेच पोचाल." अरे, सेतू शिवडीहून न्हावा-शेव्याला उतरतो. तिथून अलिबागकडे यायला मध्ये धरमतरची खाडी आडवी आहे, रेवस-करंजा पूल अजून व्हायचाय. खाडीला वळसा घातल्याशिवाय गाडी इकडे येत नाही. हा नकाशा तुला पाचवीत फळ्यावर काढायला लावला होता मी!

किहीमला यायचं तर हिशोब विमानापासून नाही, बोटीपासून मांडायचा. दिवसाउजेडी, थंडी-उन्हाळ्यात येणाऱ्याला सहार किंवा सांताक्रूझ बरं, कारण बोट आहे. रात्री उतरणाऱ्याने उलवंच धरावं. मुंबईत शिरायची गरजच नाही, गाडी सरळ पेणच्या रस्त्याला लागते. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरची रो-रो, तीही समुद्र शांत असेल तर. किहीमच्या पोराला हे मी सांगायचं?

आईने तुला एका शब्दाने बोल लावला नाही. म्हणून मी बोलतोय, आणि बोलणार.

रविवारी निघतोयस ना? काढ आता तो फोन. परतीचं तिकीट उघड. विमान कुठून सुटतं, कुठलं टर्मिनल, किती वाजता, मोठ्याने वाच. मग मांडव्याची कुठली बोट धरायची ते मला सांग.