जिथून नाव जात नाही

इंग्लंडच्या कालव्यांमधून छोट्या मोटरबोटीने जाताना चढ आला की लॉक लागतं. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधली पक्क्या बांधणीची पाण्याची खोली. नाव आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा आणि पुढून पाणी सोडायचं. पाणी चढतं तशी नावही चढते. डेव्हायझेसजवळ केनेट-एव्हन कालव्यावर अशी २९ लॉक आहेत. नाव चढो वा उतरो, खोलीभर पाणी वरच्या पातळीवरून खाली जातं. वरच्या पातळीला पाणी मुबलक असलं, तरच हा खर्च झेपतो.

पुण्याजवळच्या कात्रजला पाण्याचा असा खर्च झेपला नसता. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास घाटाच्या पायथ्याशी आंबिल ओढ्यावर तलाव बांधले आणि जमिनीखालच्या नळातून ते पाणी शनिवारवाड्यापर्यंत, पेठांमधल्या हौदांपर्यंत आणलं. अंतर सुमारे आठ किलोमीटर, आणि पाणी वाहतं ते केवळ उतारावर. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास: तिथे हवा सुटते, गाळ बसतो आणि माणसाला आत उतरून तो काढता येतो. काळा हौद, बदामी हौद ही नावं पुणेकरांच्या तोंडी राहिली ती या व्यवस्थेमुळे. हौदावरचं पाणी सगळ्यांच्या वाट्याला आलं, असं मात्र म्हणता येत नाही. जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला तो १८६८ मध्ये.

कालवा आणि नळ, दोन्ही कामांत अभियंत्याला जमिनीची उंचसखलता अचूक ओळखावी लागली. पुढे त्यांचं नशीब मात्र वेगळं झालं. रेल्वे आणि ट्रक आल्यावर इंग्लंडचे कालवे ओस पडले, गाळाने भरले. पण लेखक एल. टी. सी. रोल्ट १९३९ मध्ये ‘क्रेसी’ नावाच्या बोटीवर राहायला गेले, त्यांचं प्रवासाचं पुस्तक १९४४ मध्ये निघालं आणि १९४६ मध्ये कालवे वाचवण्यासाठी संस्था उभी राहिली. हौशी माणसांनी चिखलात उतरून लॉक दुरुस्त केली. बंद पडलेला केनेट-एव्हन कालवा १९९० मध्ये पुन्हा खुला झाला. मला वाटतं, ही आस्था बोटीच्या संथ वेगातून आली. चालत्या माणसाच्या गतीने पाण्यावरून जाणाऱ्याला फुटलेला काठ आणि गळका दरवाजा दिसतोच; त्याचं पुढचं जाणंच त्यावर अवलंबून असतं.

आपल्या कात्रजच्या नळातून नाव जात नाही. डोळ्यांआड वाहणारं पाणी नजरेतूनही उतरलं. काही उच्छ्वास रस्त्यांखाली गेले, काही इमारतींच्या गर्दीत हरवले. उघड्यावरून वाहणाऱ्या पाण्याकडेही आपण संकट आल्यावरच पाहतो. सप्टेंबर २०१८ मध्ये मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी शिरलं, तेव्हा शहराला कालवा आठवला. पुढच्याच वर्षी, २५ सप्टेंबरच्या रात्री, आंबिल ओढ्याला पूर आला आणि माणसं वाहून गेली. कात्रजचे तलाव याच ओढ्यावर आहेत. ज्या ओढ्याने कधीकाळी शहराची तहान भागवली, त्याचं पात्र आपण किती आवळलं, हे त्या रात्री कळलं.

म्हणून निदान जमिनीवरून तरी या नळाच्या वाटेने चालावं, असं मला फार वाटतं. कात्रजपासून शनिवारवाड्यापर्यंत शाळेच्या मुलांना न्यावं, सापडेल त्या उच्छ्वासापाशी थांबावं, आत वाकून पाहू द्यावं. ओढा कुठे मोकळा आहे आणि कुठे भिंतींत दाबला आहे, हे त्यांनी वहीत टिपून आणावं. पुढच्या पावसाळ्याआधी त्या वह्या महापालिकेच्या टेबलावर पोचायला हव्यात.