हिशेबांत न मावणारें

आमच्या एका स्नेह्यांस पुण्याहून मुंबईस बदली घेण्याचा योग आला आहे. ती घ्यावी कीं नाकारावी, हें ठरविण्यासाठीं त्यांनीं एक टिपण केलें. एका बाजूस पुणें, दुसऱ्या बाजूस मुंबई. खालीं घरभाडें, दूध, भाजी, मुलांची फी. बेरीज करून ते आम्हांस म्हणाले, “पगारवाढ धरतां महिन्याकाठीं चार हजार रुपये अधिक उरतात, मग विचार कसला?”

हिशेबाची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. तो नीट करणें किती कठीण, एवढेंच आम्हांस म्हणावयाचें आहे. औद्योगिक कामगारांसाठीं सरकार निरनिराळ्या शहरांचे किंमत-निर्देशांक प्रसिद्ध करतें; पण ते प्रत्येक शहराचे २०१६ सालचे भाव १०० धरून काढलेले असतात. त्यांवरून त्या त्या शहरांतली महागाई किती वाढली तें कळतें. दोहोंपैकीं महाग शहर कोणतें, तें कळत नाहीं. घरभाडेंभत्त्यासाठीं तर केंद्र सरकारनें मुंबई व पुणें एकाच वर्गांत घातलीं आहेत! दादरला बिऱ्हाड शोधणाऱ्यास हें कितपत पटेल? तो पुण्याइतक्याच भाड्यांत राहावयाचें म्हणून डोंबिवलीस जाईल, आणि वाचलेलें भाडें रोज आगगाडीच्या गर्दींत आयुष्याच्या तासांनीं फेडील.

परंतु खरा प्रश्न याहून खोल आहे. स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्रींनीं टिपण वाचून विचारलें, “यांत माझा रकाना कोणता रे?” तुळशीबागेंतलें रामदर्शन आणि वाड्यांतल्या चाळीस वर्षांच्या शेजारणी त्यांस सोडाव्या लागणार. चार हजार मुलाच्या हातीं येणार, हानि आईच्या वांट्यास जाणार. एकाचा लाभ व दुसऱ्याची हानि यांची वजाबाकी कोणत्या न्यायानें करावयाची? वहींत कुटुंब एकच खातें असतें. घरांत मात्र तीं वेगवेगळीं माणसें असतात.

म्हणून वृद्धांच्या इच्छेनेंच सर्व व्हावें, असेंही आम्ही म्हणत नाहीं. सूनबाईंस मुंबईंत त्यांच्या शिक्षणाला शोभेशी नोकरी मिळण्याजोगी आहे. पुण्यांत राहिल्यास ती संधि गमावण्याचें मोलही कोणी तरी देणारच. मोल ज्यानें द्यावयाचें, त्यास आधीं विचारलें पाहिजे, एवढाच आमचा आग्रह.

स्नेह्यांचें टिपण अद्याप मेजावर आहे. आतां त्यांत वस्तूंच्या जोडीला माणसांचे रकाने पडले आहेत. बेरीज मात्र त्यांस अजून करतां आलेली नाहीं.