डाव्या पायाचा प्रश्न

आमच्या वडिलांचा डावा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो, आणि त्यामुळे आमच्या घरात एक तात्त्विक प्रश्न उपस्थित झाला आहे. हे विधान कोणास विनोदी वाटेल. परंतु प्रश्न खरोखर गुडघ्याचा नाही, मोटारीच्या क्लचचा आहे, आणि थोडे खोल गेल्यास माणसाच्या मानाचा आहे.

नाना भिलाईच्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवीत. वितळलेले पोलाद वाहून नेताना एक हेलकावाही परवडत नाही. अशा कामात त्यांची हयात गेली. साहजिकच हातापायांच्या अंदाजावर त्यांची श्रद्धा. निवृत्तीनंतर मोटार चालवितानाही ते गिअर असा बदलीत, की शेजारच्याला कळू नये. आता जी. ई. रोडवर सुपेल्याच्या गर्दीत क्लच दाबताना त्यांचा चेहरा आखडतो.

त्याच गाडीत स्वयंचलित गिअर बसवून घ्यावा, असे मी सुचविले. चौकशीअंती कळले, की केवळ गिअरची पेटी बदलून भागत नाही. तिचे आधार, चाकांकडे शक्ती नेणारे दांडे, तेल थंड ठेवण्याची व्यवस्था, विजेच्या तारा आणि या साऱ्यांना हुकूम देणारा संगणक, एवढे सगळे बदलावे लागते. जुन्या गाडीवर इतका खर्च करण्यात अर्थ नव्हता. नुसता क्लच दाबणारे उपकरण मात्र जोडता येते. एक गॅरेजवाला ते 'कोणाला कळणारही नाही' अशा ग्वाहीसह जोडून देण्यास तयार होता. परंतु 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही. आणि दिवसभर लोकांच्या अर्जांवर 'अपूर्ण' असा शेरा मारणाऱ्या सरकारी कारकुनाने घरी येऊन हे करावे, हे मला पटेना. दिव्यांग व्यक्तीसाठी वाहनात बदल करण्याची वाट कायद्याने ठेवली आहे. ती मी सांगताच नानांनी चष्मा काढून ठेवला. "मी अपंग आहे, असं माझ्या सहीनं लिहून देऊ?" एवढेच ते म्हणाले.

अखेर कारखान्यातच तशी योजना बसवून आलेली गाडी घेतली. पण नाना तिच्या चक्राला हात लावीनात. जी गाडी आपला गिअर आपणच टाकते, ती मी चालविली असे कसे म्हणू, हा त्यांचा प्रश्न.

या प्रश्नाला यंत्राच्या रचनेतच एक चमत्कारिक उत्तर आहे. 1939 साली जनरल मोटर्सने ओल्ड्समोबाईल गाड्यांत जी 'हायड्रामॅटिक' पेटी आणली, तिच्यात क्लचची जागा तेलाने घेतली होती. तेलात समोरासमोर दोन पंखे. एक फिरू लागला की तेलाच्या ओघाने दुसराही फिरतो. तेथे डाव्या पायाचे कामच नाहीसे झाले. परंतु आपल्याकडे 2014 साली मारुती सेलेरिओबरोबर जी स्वस्त पद्धत रूढ होऊ लागली, आणि जी आमच्या गाडीत आहे, तिच्यात क्लचही तोच आणि पेटीही तीच; फक्त क्लच दाबणारा आणि दांडा सरकविणारा मनुष्य नाही. म्हणजे काम उरले आहे, कर्ता बदलला आहे. नानांचे दुःख मला येथे प्रथम नीट कळले. आपले काम निरर्थक ठरले तर माणूस एक वेळ सोसतो. ते आपल्यावाचून जसेच्या तसे चालू राहिले, हे सोसणे अधिक कठीण.

मी त्यांना गांधीजींचा दाखला दिला. यंत्रांविषयी इतके साशंक असलेल्या गांधीजींनी 1924 मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले. कारण, त्यांच्या मते, पत्नीचे कष्ट पाहून प्रेमापोटी सिंगरने ते रचले होते. नानांनी शांतपणे विचारले, "त्याच्या बायकोला विचारलं होतं का कोणी?" यावर मजजवळ उत्तर नव्हते, अद्यापही नाही. प्रेमाने दिलेली सोय घेणाऱ्यास कमीपणा आणीत असेल, तर देणाऱ्याचा हेतू शुद्ध आहे एवढ्याने ती निर्दोष ठरते काय?

तथापि या वादात एक व्यक्ती आम्ही दोघेही विसरलो होतो. आईने आयुष्यात कधी चक्र हाती धरले नव्हते. पूर्वी एकदा नानांनी शिकविण्याचा प्रयत्न केला. तीन वेळा गाडी बंद पडली, नाना ओरडले, प्रकरण मिटले. यंदा एकसष्टाव्या वर्षी तिने शिकाऊ परवाना काढला. जपानमध्ये 1991 पासून केवळ स्वयंचलित गाडीसाठी निराळा परवाना आहे; आपल्याकडे हलक्या मोटारीच्या परवान्यात असा भेद नाही, याची नानांना थोडी खंतच वाटली असावी. मला मात्र प्रश्न पडला, की ज्या कौशल्याला नाना सद्गुण मानीत, ते इतकी वर्षे आईच्या वाटेतली भिंतही नव्हते काय? भिंत त्यांनी बांधली नव्हती, हे खरे. पण ती कधी त्यांना खुपलीही नाही.

रविवारी सकाळी आई मैत्रीबागेच्या रस्त्याने गाडी चालविते. नाना डावीकडे बसतात, मी मागे. या गाडीला गिअर बदलताना किंचित धक्का बसतो. तो बसण्याच्या क्षणभर आधी, दर वेळी, नानांचा दुखरा डावा पाय समोरची चटई हलकेच दाबतो.