जागरणाचा दोष कोणाच्या पदरी?

पहाटेचे तीन वाजलेले असतात. सहा-सात वर्षांचे मूल अंथरुणातून उठते आणि स्वयंपाकघरात शिरते. डबे खाली येतात, नळ सुटतो, एखाद्या रात्री हात गॅसच्या बटणापर्यंत पोचतो. आईने अडवले की ते किंचाळते, स्वतःचाच हात कडकडून चावते, भिंतीवर डोके आपटते. तेच मूल दुपारी जेवताजेवता पेंगते. शेजारी म्हणतात, लाडावलेले आहे. नातलग म्हणतात, दोन धपाटे द्या. रविवारच्या मिस्सेत मागच्या बाकावर असा आरडाओरडा झाला की मान वळवून कपाळाला आठ्या घालणारे आपणही त्यांच्यातलेच.

स्मिथ-मॅजेनिस सिंड्रोम या दुर्मीळ विकारात असे घडते. अ‍ॅन स्मिथ व एलेन मॅजेनिस या अमेरिकन संशोधिकांनी १९८०च्या दशकात त्याचे वर्णन केले. सतराव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा गळालेला असतो. काही मुलांत तेथील आरएआय-१ या एकाच जनुकात बिघाड असतो. सुमारे १५ ते २५ हजार बालकांत एखाद्याच्या वाट्याला हे येते. बहुधा ते आईबापांकडून आलेले नसते. तेव्हा ‘कोणाच्या घराण्यातून आले?’ ही कुजबुज तरी थांबावी.

काळोख पडला की आपल्या मेंदूतील एक ग्रंथी मेलाटोनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते आणि रात्र झाल्याचा निरोप शरीराला देते. या विकाराच्या बहुतेक मुलांत तो निरोप दिवसा पोचतो. फ्रान्समधील डॉक्टरांनी मोजक्या मुलांना सकाळी अ‍ॅसिब्युटोलॉल हे मूळचे रक्तदाबावरील औषध देऊन दिवसाचे मेलाटोनिन दाबून पाहिले, त्याच्या जोडीला रात्री मेलाटोनिन दिले, आणि झोपेबरोबर वागणूकही सुधारल्याचे २००१ व २००३ साली नोंदविले. सर्वच मुलांचे गणित इतके सरळ सुटत नाही, हेही खरे.

पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती असल्याखेरीज कृत्य मोठे पाप ठरत नाही, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले आहे. मग मूल निर्दोष, प्रश्न मिटला, असे म्हणावे काय? येथेच आम्ही अडखळतो. ही मुले मोठ्यांच्या लक्षासाठी आसुसलेली असतात. किंचाळले की आई धावत येते, एवढे त्यांना समजते, आणि समजले की ती किंचाळतातही. त्यांच्या प्रत्येक वागण्याचा हिशेब जनुकाच्या खाती टाकला, तर त्यांचे रुसणे, हट्ट, थट्टा, यांतले ‘त्यांचे’ असे काहीच उरत नाही. दोष काढून घेताना आपण माणूसही काढून घेतो. घड्याळ बिघडलेले आहे. मूल म्हणजे ते घड्याळ नव्हे. म्हणून त्याला शिस्त हवीच. मात्र ती दिवसाच्या उजेडात, शांतपणे, पुन्हा पुन्हा लावायची असते. पहाटे तीन वाजता नव्हे.

आणि कडी? काही आईबाप रात्री मुलाच्या खोलीला बाहेरून कडी घालतात. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण उघड्या दारापलीकडे गॅस आहे, जिना आहे, रस्ता आहे. आमच्या मते नुसत्या कडीवरून निवाडा करता येत नाही. खोलीतली टोकदार वस्तू कोणी काढली, आत हाक मारली तर बाहेर कोणाला जाग येते, आग लागली तर कडी कोण उघडणार, हे आधी विचारावे. एकाच लोखंडी कडीत एका घरी माया असते, दुसऱ्या घरी सुटका.

अवघड प्रश्न आईचा आहे. वर्षानुवर्षे पुरती झोप न मिळालेल्या बाईचा हात एका पहाटे उठतो. तो मुलाच्या गालावर पडतो तेव्हा तिची संमती कितीशी पूर्ण असते? ख्रिस्तसभेचा १९९२ सालचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की भीती, दडपण, सवय, मनाची अवस्था यांनी कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते. तिला हे कोणी सांगितलेले नसते. सांगितले तरी ती ते स्वतःला लागू करील, असे आम्हांस वाटत नाही. लेकराला दिलेली सूट आई स्वतःला देत नाही.

उजाडल्यावर ते मूल तिच्याकडे पाहून आनंदाने स्वतःलाच दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरते. ही या विकाराची एक ओळखीची खूण. थोड्या वेळाने तिच्याच मांडीवर त्याचे डोळे मिटू लागतात. थोरल्याचा शाळेचा डबा अजून भरायचा असतो.